आहारविचार : सासूबाईंचें तूप

यवतमाळहून एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांच्या यजमानांवर दीड वर्षापूर्वीं मूत्रपिंडाचें रोपण झालें. मूत्रपिंड देणाऱ्या त्यांच्या सासूबाईच. शस्त्रक्रिया उत्तम झाली, यजमान कामावर जाऊं लागले. परंतु तेव्हांपासून त्यांचें वजन अकरा किलोंनीं वाढलें आणि गेल्या तपासणींत रक्तांतील साखरही वाढलेली आढळली. सासूबाई मात्र रोज स्वतःच्या हातानें मुलाच्या ताटांत तूप वाढतात. ज्या माउलीनें आपलें मूत्रपिंड दिलें, तिला "तूप पुरे" असें सुनेनें कोणत्या तोंडानें सांगावें, असा भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न मोठा नाजूक खरा. त्यांतील आहारशास्त्राचा भाग त्यामानानें सोपा, म्हणून तो आधीं घेतों.

१९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी रोपण केलें तें एकरूप जुळ्या भावांमध्यें. तेथें शरीराला नवा अवयव परका वाटला नाहीं. इतरांस मात्र प्रतिकारशक्ति दबवून ठेवणारीं औषधें कायमची घ्यावीं लागतात. त्यांपैकीं प्रेड्निसोलोन भूक चेतवतें व इन्सुलिनचा प्रभाव कमी करतें. टॅक्रोलिमस स्वादुपिंडांतून इन्सुलिन स्रवण्यासच अडथळा आणतें. शिवाय आजारपणांतलीं कडक पथ्यें सुटलेलीं असतात. तेव्हां यजमानांची वाढती भूक ही केवळ प्रकृति सुधारल्याची खूण नव्हे. तींत औषधाचाही वाटा आहे. म्हणून औषध आपल्या मनानें कमी करण्याचा विचार मात्र कोणींही करूं नये. तसें केल्यास मूत्रपिंडच गमवावें लागेल.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत प्रथिनें अधिक लागतात, आणि "त्याला भरपूर खाऊं घाला" हा सल्ला बहुधा तेव्हांचा घरांत राहून गेलेला असतो. आतां ज्वारीची एखादी भाकरी, वाटीभर तुरीचें किंवा मुगाचें वरण, दुप्पट भाजी आणि मोजकें दहीं एवढें पुरे. तूप चमचाभर, तेंही एका वेळेस. मीठ दिवसाकाठीं सर्व मिळून ५ ग्रॅमांच्या आंत, म्हणजे लोणचें व पापड सणापुरते. आमच्याकडील पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढें जाऊं देऊं नये.

खरी अडचण उपासाची. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा व शेंगदाणे खाऊन जेवढा पिष्टमय पदार्थ व तेल पोटांत जातें, तेवढें रोजच्या जेवणांतही जात नाहीं! निर्जळी तर अशा रुग्णास सर्वथा वर्ज्य. औषधाच्या वेळाही चुकतां कामा नयेत. पूजेच्या पंचामृतांत न तापविलेलें दूध असेल तर तें हातावर घेऊन डोळ्यांस लावावें, प्राशन करूं नये. कळंबच्या चिंतामणीचा मोदक घरीं आला तर अर्धा खावा. त्यावर वाद नको. पपनस मात्र अगदीं वर्ज्य, कारण त्यानें टॅक्रोलिमसचें रक्तांतील प्रमाण वाढतें. संत्र्याविषयीं भगिनींनीं विचारलें आहे: रस न काढतां फोडी खाव्या, परंतु रक्तांतील पोटॅशियम पाहून डॉक्टर सांगतील तेवढ्याच. गुळवेलीचा काढा "शक्ति वाढावी" म्हणून कोणी देऊं केल्यास नम्रपणें नाकारावा. येथें प्रतिकारशक्ति वाढविणें हेंच संकट आहे.

आतां सासूबाईंकडे वळूं. सर्वांचें लक्ष मुलाच्या मूत्रपिंडाकडे लागलें असतां त्यांच्याजवळही एकच मूत्रपिंड उरलें आहे, याचा घरांत कोणास आठव राहिलेला दिसत नाहीं. भगिनींच्या चार पानी पत्रांतही त्यांच्या रक्तदाबाचा उल्लेख नाहीं. दात्यानेंही मीठ, वजन, साखर व रक्तदाब सांभाळून दरवर्षीं तपासणी करून घ्यावयाची असते. तेव्हां सुनेनें "त्यांना तूप वाढूं नका" असें न म्हणतां "आई, तुमचेंही पथ्य आजपासून मी सांभाळणार" असें म्हणावें. एकत्र कुटुंबांत एकाचें निराळें ताट फार दिवस टिकत नाहीं; दोघांचें टिकूं शकेल, आणि स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी एकदां लहान झाली कीं इतरांनाही कुरकुर करण्यास जागा राहणार नाहीं. पुढच्या खेपेस यजमान तपासणीस जातील तेव्हां सासूबाईंनाही बरोबर न्यावें, आणि तुपाचा चमचा केवढा हें आहारतज्ज्ञांच्या तोंडून त्यांनाच ऐकूं द्यावें. वाढण्याचें काम मात्र त्यांच्याकडेच राहूं द्यावें.