ऊन, काटा आणि उसाची ट्रॉली

सोलापुरातून पहाटे निघायचं, हिप्परग्याचा तलाव मागे टाकत तुळजापूरचा घाट चढायचा, तिथून नळदुर्ग गाठून किल्ल्यातला पाणीमहाल बघायचा आणि हैदराबाद रस्त्यानं अंधार पडायच्या आत घरी यायचं. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा हा त्रिकोण एका दिवसात होण्यासारखा आहे. रोड बाइकवाला तो दुपारच्या जेवणापर्यंत उरकतो. माउंटन बाइकच्या जाड, दातेरी टायरवर मात्र डांबरी रस्त्यालाही ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या पुढे सरासरी जात नाही, आणि थांबे धरले तर अख्खा दिवस मोडतो. म्हणजे दुपारचं ऊन चुकत नाही. म्हणूनच या सायकलवरून लांब जाणाऱ्यानं सोबत काय घ्यावं, हा प्रश्न सोलापुरात जरा निराळा आहे.

बाजारात आणि मोबाइलवर मिळणाऱ्या तयार याद्या बहुतेक थंड मुलुखातल्या असतात. वाऱ्याला अडवणारं जॅकेट, बोटं झाकणारे हातमोजे, चॉकलेटच्या वड्या. चॉकलेट बार्शी नाक्यापर्यंतसुद्धा टिकायचं नाही. इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर मुक्कामाला असतो आणि फेब्रुवारीतही दुपारी तेहतिशी गाठतो. सोलापूरकराची पिशवी सोलापूरच्या हवेनं आणि रानानंच भरायला हवी.

पहिला मान पाण्याचा. उन्हात सायकल चालवणाऱ्याच्या अंगातून ताशी अर्धा ते दीड लिटर घाम जातो. सायकलच्या बाटलीत जेमतेम पाऊण लिटर मावतं, आणि पुढेमागे शॉकअब असलेल्या कित्येक माउंटन बाइकना बाटलीची एकच जागा असते. तेव्हा निघताना निदान दोन लिटर पाणी, त्यातलं थोडं पाठीवर, आणि वाटेत दिसेल त्या चांगल्या ठिकाणी पुन्हा भरणं. बाटली प्लास्टिकची, त्यामुळे तासाभरात पाणी चहासारखं होतं. त्यावर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवला, की वाहत्या हवेत पाणी बऱ्यापैकी गार राहतं. ही युक्ती मुंबईच्या दमट हवेत फारशी चालत नाही. सोलापूरची कोरडी हवा इथे एकदाची कामाला येते.

मात्र नुसतं पाणी ढोसत राहणं हाही धोकाच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. शर्यतीत जास्त पाणी पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना हा त्रास अधिक. म्हणून ओआरएसच्या दोन-तीन पुड्या हव्यातच. पण लिटरभर पाण्यासाठी बनवलेली पुडी पाऊण लिटरच्या बाटलीत ओतू नये, मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं. पुडीवर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचायला अर्धं मिनिट पुरतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आशाताईंनी घरोघरी सांगितलेलं प्रमाण आहेच.

डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटखालून मानेवर सोडलेला ओला पंचा. टॉवेलसाठी सोलापूरचं नाव देशभर असलं तरी इथे जाडजूड टॉवेल घेऊ नये. तो भिजला की जड होतो आणि वाळता वाळत नाही. पातळ पंचा घाम पुसायला, डोकं झाकायला, पडल्यावर हाताला झोळी बांधायला, अशा सगळ्या कामांना येतो.

दुसरं प्रकरण काट्याचं. माउंटन बाइक घेणारा माणूस कधी ना कधी डांबरी सोडून गाडीवाटेला लागणारच, नाहीतर ती घेतली कशाला? आणि गाडीवाटेवर बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे, जमिनीसरशी पसरलेला सराटा आहे. बांधाला कुंपण म्हणून शेतकरी बाभळीच्या फांद्या लावतात, त्यांतले काटे वाळून वाटेवर पडतात. वाळलेला काटा टायरमध्ये सुईसारखा शिरतो आणि आतच मोडतो. पंक्चर झाल्यावर घाईघाईनं नवी ट्यूब घालणारा पाच मिनिटांत पुन्हा खाली बसलेला दिसतो, कारण मोडका काटा टायरमध्ये तसाच असतो. बोट न फिरवता टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे कापूस अडकतो, तिथे काटा असतो. तो चिमट्यानं ओढून काढायचा. बोटांनी ओढायला गेलं, तर तो आणखी आत सरकतो.

म्हणून दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, घासायला पॉलिश पेपर, दोन टायर लिव्हर, चिमटा आणि छोटा पंप. ट्यूबलेस टायर असेल तर आतलं सीलंट बारीकसारीक भोकं आपोआप बुजवतं, पण या हवेत ते लवकर सुकतं. निघायच्या आदल्या आठवड्यात ते बघून घ्यावं. आणखी एक वस्तू बहुतेक जण विसरतात. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या मशिनची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असते, ती याच्यावर बसत नाही. पितळी अडॅप्टर एवढासा, किंमत किरकोळ. तो नसल्यामुळे भल्या मोठ्या कॉम्प्रेसरसमोर उभं राहून हातपंप मारत बसायची पाळी येते.

साखळीसाठी एक क्विक लिंक आणि चेन टूल असलेला मल्टिटूल पुरे. दिवसभराच्या रपेटीला याहून जास्त हत्यारं म्हणजे ओझं. बीआरएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या रपेटी जगभर होतात, भारतातही होतात. त्यांतली २०० किलोमीटरची रपेट साडेतेरा तासांत संपवावी लागते आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत आपली गाडी मागवून मदत घेता येत नाही. तो नियम ज्यानं एकदा पाळला, त्याची पिशवी आपोआप शहाणी होते.

खाण्यात मात्र सोलापूर कोणाला हार जाणार नाही. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, असं व्यायामशास्त्र सांगतं. परदेशी जेलच्या एका पाकिटाला शंभर-दीडशे रुपये मोजण्याऐवजी शेंगापोळी घ्यावी. गूळ आणि शेंगदाण्याचं कूट, आठवडाभर खराब न होणारी. ती खुसखुशीत असते, त्यामुळे पिशवीत कोंबली तर भुगाच हाती येतो, पसरट डबा लागतो. कडक भाकरीच्या अभिमानापोटी कोणी ती घेऊन निघत असेल, तर नको म्हणावं. कोरड्या घशाला ती उतरत नाही आणि तिच्यापायी पिण्याचं पाणी संपतं. धपाटं चालेल, शेंगाचटणीसकट, पण ते सावलीत बसून. शेंगदाण्याच्या स्निग्धतेनं पोट जड होतं, म्हणून घाट चढण्याआधी केळं आणि घाट संपल्यावर पोळी, असा क्रम बरा.

पावसाळ्यात काळ्या रानात शिरायचंच नाही. तो चिखल चाक आणि फोर्क यांच्यामध्ये असा बसतो की चाक फिरायचं थांबतं, मग सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. त्यावर पिशवीतल्या कुठल्याच वस्तूचा इलाज नाही.

शिवाय ओळखपत्र, रक्तगट लिहिलेला कागद, सुट्टे पैसे, चार्ज केलेला फोन आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर.

आता दिव्यांबद्दल. सायकलीला योग्य हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच गाळप हंगाम. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सायकलवाल्यानं मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, पुढे पांढरा लावावा, अंगात चमकणारं जाकीट घालावं. जाकीट जेमतेम शंभर ग्रॅमचं, हेल्मेटखालोखाल महत्त्वाचं. पण बंद पडून रस्त्याच्या कडेला अंधारात उभी असलेली ट्रॉली सायकलवाल्याच्या छोट्या दिव्यात फार उशिरा दिसते. तिच्यावर जाऊन आदळणाऱ्यांत सायकलवाले थोडे, मोटारसायकलवाले जास्त.

रिफ्लेक्टर लावा, असं आवाहन हंगामाच्या तोंडावर होतं, फोटो निघतात, पुढे डिसेंबरात ट्रॉल्या तशाच. हे काम कारखान्याच्या वजनकाट्यावर व्हायला हवं. प्रत्येक ट्रॉली तिथे थांबतेच, तिची नोंद होतेच. मागे दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर नसेल तर पुढच्या खेपेची पावती मिळणार नाही, एवढी अट कारखान्यांनी घातली आणि साखर आयुक्तालयानं ती गाळप परवान्याला जोडली, तर ट्रॅक्टरमालक आठ दिवसांत दिवे बसवतील. खर्च एका खेपेच्या डिझेलहूनही कमी.