वेग पंचायतीच्या भिंतीपाशीच अडला!

मोडेमची ती कर्कश किंकाळी आमच्या जुन्या वाचकांना आठवत असेल! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ह्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून येणारे ते जग आधी खरखरे, मग कण्हे, आणि नशीब असेल तर जोडले जाई. तोवर घरातला टेलिफोन मुका! आज शहरातल्या मुलांना हे सांगितले तर ती हसतात. अमेरिकेतल्या एओएल कंपनीनेदेखील ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा गुंडाळली. पण डायल-अप संपले म्हणजे डायल-अपचा वेगही संपला असे ज्याला वाटते, त्याने बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या जानेफळसारख्या गावातील शेतकऱ्याच्या जागी क्षणभर स्वतःला उभे करून पाहावे.

पूर्वी तलाठी बांधावर येऊन (किंवा न येताच, तो भाग वेगळा!) पिकाची नोंद करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' आली आणि ते काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडले. आपल्या गटात उभे राहायचे, सोयाबीनचे वा कपाशीचे छायाचित्र काढायचे आणि मुदतीच्या आत ते पाठवायचे. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. पण पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी ह्या साऱ्यांची दारे त्या एका नोंदीला बांधलेली आहेत, आणि ती नोंद बांधलेली आहे मोबाइलच्या पडद्यावरील एका थरथरत्या रेघेला. टॉवर दूर असला, मध्ये टेकाड आले, की चौथ्या पिढीचे यंत्र दुसऱ्या पिढीच्या चालीने रांगू लागते. ती चाल म्हणजेच जुने डायल-अप!

हिशेबच मांडून पाहू. डायल-अपचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने जायला सात मिनिटांहून अधिक लागतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वाहिनीवरून तेच छायाचित्र पाव सेकंदात जाते. सात मिनिटे ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे शहरी वाचक म्हणेल. पण सहाव्या मिनिटाला संपर्क तुटला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते! नोंद साठवून ठेवून संपर्क मिळेल तेथून पाठविण्याची सोय ह्या ॲपमध्ये आहे. म्हणजे बांधावर संपर्क नसतो, हे सरकारलाही पक्के ठाऊक आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. नामकरणे तर पुष्कळ केली! २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिटला 'ब्रॉडबँड' म्हटले, २०१३ मध्ये ५१२ किलोबिटला, आणि दोन मेगाबिटपर्यंत पोचायला २०२३ साल उजाडले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. मुदत होती दोन वर्षांची! पुढे तिचेच 'भारतनेट' झाले. दोन लाखांहून अधिक पंचायती 'सेवासज्ज' झाल्याचे सरकार सांगते. परंतु 'सेवासज्ज' म्हणजे काय? तंतू पंचायतीच्या कचेरीत पोचला, भिंतीवर पेटी बसली. मग वीज गेली की पेटी झोपते. रस्त्यासाठी कुणी खड्डा खणला की तंतू तुटतो, आणि एकाच रेषेत ओवलेली पुढची सारी गावे अंधारात जातात. कचेरीच्या भिंतीपासून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, घरापर्यंत तो न्यायचा कुणी, ह्याचे उत्तर पहिल्या आराखड्यात नव्हते.

ह्या चुका केंद्राने स्वतःच कबूल केल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पंचायती वर्तुळाकार जोडायच्या आहेत, म्हणजे एकीकडून तंतू तुटला तरी दुसरीकडून सेवा चालू राहील. दीड कोटी ग्रामीण घरांत जोडण्या द्यायच्या आहेत आणि दहा वर्षांची देखभालही ठरली आहे. हे शहाणपण बारा वर्षे उशिरा सुचले, तरी आम्ही त्याचे स्वागत करतो. मात्र बुलढाणा जिल्ह्याला आश्वासनांची चव जुनी आहे. खामगाव-जालना रेल्वे ब्रिटिश अमदानीत आखली गेली, आणि त्या मार्गावर अजून एकही गाडी धावलेली नाही!

मोबाइल आहे ना खेड्यात, मग तंतू कशाला, असा प्रश्न शहाणे लोक विचारतात. टॉवरचा वेग साऱ्या गावात वाटला जातो, हे ते विसरतात. संध्याकाळी सारे गाव मोबाइल उघडून बसले की परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय उरणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जीविताच्या मूलभूत हक्कात मोडतो, असा निर्वाळा दिला आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पंचायतीच्या दारावर फलक लावा: गेल्या महिन्यात सेवा किती दिवस चालू होती आणि प्रत्यक्ष वेग किती मिळाला. ठेकेदाराचे बिल त्या फलकावरून द्या, पुरलेल्या तंतूच्या लांबीवरून नव्हे. आणि ज्या गावात सेवा बंद होती, तेथे तेवढे दिवस पीक नोंदणीच्या मुदतीत मोजू नका. कागदावरची नोंद स्वीकारा. येत्या खरिपापूर्वी महसूल खात्याने एवढा एक आदेश काढावा. त्याला ना तंतू लागतो, ना टॉवर!