अन्न आहे, घास उतरत नाही

कुपोषणाची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. या आकड्यामागे दारिद्र्य आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्याच आकड्यात आणखी एक दुर्लक्षित वर्ग दडलेला असतो. पुढ्यात अन्न असूनही ज्यांना ते खाता येत नाही, अशा मुलांचा तो वर्ग. कोणाची टाळू दुभंगलेली, कोणाचा सेरेब्रल पाल्सीमुळे जबड्यावर ताबा नाही, तर कोणी अपुऱ्या दिवसांचे जन्मून महिना-महिना नळीने दूध घेतलेले आणि म्हणून तोंडाजवळ चमचा येताच रडणारे. अंगणवाडीतील वजनकाटा या सर्वांना एकाच रकान्यात टाकतो. घरात मात्र मूल हट्टी ठरते, नाही तर आई निष्काळजी.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसला नाही, तर दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. असे मूल वारंवार न्यूमोनियाने आजारी पडते; दर वेळी त्याच्या न्यूमोनियावर उपचार होतात आणि ते पुन्हा त्याच वाटी-चमच्याकडे परत जाते. येथे एकट्या बालरोगतज्ज्ञाचे काम भागत नाही. आहारतज्ज्ञ वजन वाढावे म्हणून दूध वाढवावयास सांगतो. गिळण्याची तपासणी करणारा वाणी-उपचारतज्ज्ञ पातळ पदार्थच धोक्याचा म्हणून तो घट्ट करावयास सांगतो. मूल आडवे न ठेवता मानेला आधार देऊन बसवावे, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ दाखवितो. आणि बळजबरीने भरविल्याने बसलेली धास्ती घालविणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम. प्रत्येकाचा सल्ला आपापल्या जागी योग्यच असतो. पण हे चौघे एकमेकांशी बोललेच नाहीत, तर परस्परविरोधी चार आज्ञांचा निवाडा अखेर आईलाच करावा लागतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी या विकाराची जी व्याख्या केली, तिच्यात वैद्यकीय, पोषणविषयक, खाण्याच्या कौशल्याची आणि मनोसामाजिक अशी चारही अंगे एकत्र धरली आहेत, ती याचसाठी.

ही कल्पना आपल्या शासनाला अपरिचित आहे, असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या आराखड्यात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे आणि त्यात बालरोगतज्ज्ञापासून वाणी-उपचारतज्ज्ञापर्यंत सर्वांची एका छताखाली योजना आहे. व्यवसायोपचाराचे शिक्षण तर कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्येच सुरू केले. पाऊणशे वर्षांनंतरही ती विद्या तालुक्याच्या गावी पोहोचलेली दिसत नाही, याला काय म्हणावे?

बागलाण तालुक्यातील मोसमकाठच्या नामपूरचे उदाहरण घेण्यासारखे आहे. कांद्याच्या बाजारपेठेचे हे गाव नाशिकपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. लागवडीच्या दिवसांत रोजावर जाणाऱ्या बाईने मुलाला घेऊन नाशिक गाठावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे दोन्ही सोडावयाचे. हे एकदाच असते तर निभावले असते. घास गिळावयास शिकविणे हे मात्र आठवड्यामागून आठवडे चालणारे काम आहे. चार तज्ज्ञांच्या चार तारखा पडल्या, तर दुसऱ्या खेपेनंतर ती बाई फिरकणार नाही, आणि नोंदवहीत शेरा पडेल तो ‘पालक सहकार्य करीत नाहीत’ असा!

म्हणून जिल्ह्याच्या पथकानेच महिन्यातून एक ठरलेला दिवस नामपूरच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे. सर्वांनी मिळून मुलाचे एक जेवण पाहावे आणि आईच्या हाती एकच कागद द्यावा. मधल्या काळात आशा कार्यकर्तीने मोबाइलवर टिपलेले दोन मिनिटांचे जेवणाचे चित्रण नाशिकला पाठविले तरी पुष्कळ कळते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातातच. वजनाबरोबर त्यांनी एवढेच विचारावे, की जेवावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो काय, आणि पाणी पिताना ठसका लागतो काय.