‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ : रुग्णालयातल्या जुन्या सॉफ्टवेअरचं दुखणं

आरोग्याच्या ब्लॉगवर संगणकाची चर्चा कशाला, असं काहींना वाटेल. पण आज तुमचा रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, औषधांची नोंद आणि ऑपरेशनची तारीख, सगळं संगणकावर असतं. तो बंद पडला की उपचार अडतात. म्हणून स्पष्टच लिहितो: रुग्णालयात कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती चालते, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ‘ते आयटीवाले बघतील’ म्हणून तो झटकणाऱ्या व्यवस्थापनाला जाब विचारायला हवा.

लस होती, टोचली नव्हती

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा संगणकीय विषाणू जगभर पसरला. तो फाइल्सना कुलूप लावायचा आणि ते उघडायला खंडणी मागायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णालयं चालवणाऱ्या २३६ संस्थांपैकी किमान ८० संस्थांना त्याची झळ बसली. सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज आहे. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना लांबच्या रुग्णालयात जावं लागलं.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिली होती. बाधित झालेले बहुतेक संगणक ‘विंडोज ७’ चे होते आणि त्या आवृत्तीला तेव्हा कंपनीचा पाठिंबा चालू होता. म्हणजे लस फ्रीजमध्ये होती, पण टोचली गेली नव्हती.

मग अपडेट का होत नाही?

दरवेळी कारण आळस हेच नसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मनानेच वेदनाशामक गोळी घेतली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली, पण एकत्र घातक ठरू शकतात. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. एमआरआय यंत्राचा संगणक, लॅबचं यंत्र, बिलिंग आणि डेटाबेस या सगळ्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. एक बदलली की दुसरी रुसते.

त्यात यंत्राचं आयुष्य आणि विंडोजचं आयुष्य सारखं नसतं. ‘विंडोज ७’ २००९ मध्ये आलं आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचा पाठिंबा संपला. ‘विंडोज १०’ चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मोठी रक्कम मोजून घेतलेलं स्कॅनर मात्र त्यानंतरही ठणठणीत असू शकतं. निर्माता नवीन आवृत्तीला मान्यता देत नाही आणि रुग्णालय नवीन यंत्र घेत नाही. मध्ये सापडतो तो आयटी विभागातला माणूस. त्याने बजेट मागितलं की ‘चालतंय ना?’ म्हणून फाइल परत येते, आणि सर्व्हर पडला की पहिला फोन त्यालाच जातो. हा अन्याय आहे.

आलं की टाकलं, हेही चूकच

काही जण म्हणतील, मग प्रत्येक अपडेट लगेच टाकूया. तेही नको. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. जर्मनीतल्या ल्यूबेक आणि कील इथल्या विद्यापीठ रुग्णालयाला नियोजित शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. नवीन औषध आपण आधी थोड्या लोकांवर तपासतो. अपडेटही आधी चार संगणकांवर चालवून पाहावं, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे न्यावं. त्यासाठी माणसं, वेळ आणि पैसा लागतो. तोच द्यायची तयारी नसते.

आपल्याकडे

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. पुढे कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं कागदावर चालली. नेटवर्कचे नीट वेगळे भाग केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितलं. संसर्गजन्य रुग्णाला आपण वेगळ्या खोलीत ठेवतो. जो जुना संगणक बदलताच येत नाही, त्यालाही तसंच वेगळं ठेवायला हवं.

व्यवस्थापनाने काय करावं?

- यंत्र खरेदी करतानाच किती वर्षं सॉफ्टवेअर दुरुस्त्या मिळतील, हे करारात लिहून घ्यावं. अमेरिकेत २०२३ पासून नेटवर्कला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय यंत्रांच्या निर्मात्यांना दुरुस्त्यांची योजना सादर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या रुग्णालयांनी निदान करारात तरी ही अट घालावी.
- प्रत्येक संगणकाची आवृत्ती आणि पाठिंबा संपण्याची तारीख यांची यादी ठेवावी. औषधांची एक्सपायरी आपण बघतोच ना?
- बॅकअप नेटवर्कपासून वेगळा ठेवावा आणि तो खरंच परत चालू होतो का, हे मधूनमधून तपासावं.
- संगणक बंद पडल्यावर कागदावर काम कसं चालेल, याचा सराव करावा.

तुम्ही काय करू शकता?

रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची सीडी यांची प्रत घरी ठेवा. चालू औषधं आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आणि ‘सिस्टिम डाऊन आहे’ असं ऐकलं, की काउंटरवरच्या मुलीवर चिडू नका. व्यवस्थापनाला लेखी विचारा: तुमची पर्यायी व्यवस्था काय आहे?

लॉबीतल्या संगमरवरापेक्षा सर्व्हर रूमवर केलेला खर्च रुग्णाच्या जास्त कामाचा आहे. तो दिसत नाही म्हणून टाळला जातो. आपण विचारत राहिलो, तर टाळणं अवघड होईल.