शिवी कोणाला लागते?

क्रिकेटच्या मैदानावरच्या शिवीगाळीला ‘स्लेजिंग’ असं गोंडस नाव आहे. खेळाचाच भाग, म्हणे! मग खेळात नसलेल्या बाईला त्यात का ओढता?

जानेवारी २००८ची सिडनी कसोटी आठवा. अँड्र्यू सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याच्या आरोपावरून हरभजनसिंगवर तीन कसोट्यांची बंदी आली. अपिलात सांगितलं गेलं, की शब्द ‘मंकी’ नव्हताच. ती आईवरून दिलेली हिंदी शिवी होती. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध मानला नाही. बंदी उठली. अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंड म्हणून कापली गेली.

वर्णावरून हिणवणं हा गंभीर गुन्हा मानला जातो, ते योग्यच आहे. पण आईवरची शिवी हा बचाव कसा होऊ शकतो? आपल्याकडे सुटकेचा निःश्वास टाकला गेला. त्या आईचं काय, असं किती जणांनी विचारलं?

वस्तीत काम करताना मी हेच पाहते. भांडण दोन पुरुषांचं, शिवी मात्र तिसऱ्याच बाईच्या शरीरावरून. बाई ही पुरुषाची मालमत्ता, हे त्यामागचं गृहीत. बायकोवर हात उचलणाऱ्याचंही गृहीत तेच असतं. पोरं टीव्हीवर बघून बोलिंग शिकतात, तशी ही भाषाही शिकतात.

तेव्हा सुरुवात आपल्या गल्लीपासून करू या. वस्तीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांच्या नियमांत एक कलम घालायला लावू या : आईबहिणीवरून शिवी दिली, की खेळाडू मैदानाबाहेर.