पंडा कोणत्या कुळांतला?

पंडा हें मांजर कीं अस्वल, हा प्रश्न चित्र पाहून मुलें हटकून विचारतात. १८६९ सालीं आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्यानें त्यास अस्वल म्हटलें. १८७० सालीं मिल्न-एडवर्ड्स यांनीं दांत व हाडें पाहून त्याचें नातें तांबड्या पंडाशीं जोडलें. दोघांचेंही खाद्य बांबू. दोघांच्याही पंजास अंगठ्यासारखें हाड. १९८५ सालीं आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनें निर्णय झाला: मोठा पंडा अस्वलच, दार्जिलिंग-सिक्कीमकडील तांबड्याचें कूळ निराळें.

असा घोटाळा आमच्या घराजवळही झाला आहे. मेळघाटांत आढळणाऱ्या अस्वलाच्या जातीस १७९१ सालीं जॉर्ज शॉ यांनीं अमेरिकेंतील मंदगति ‘स्लॉथ’ प्राण्यांत घातलें. कारण लांब वांकडीं नखें व वरचे मधले दोन दांत नसणें. वास्तविक तीं नखें वारूळ फोडण्यास, व ती फट वाळवी ओढून घेण्यास! आमचा ‘ऋक्ष’ व लॅटिन ‘उर्सुस’ हे शब्दही एकाच मुळाचे; पण कानांस तें कळत नाहीं.

चूक सुधारली, तरी इंग्रजींत ‘स्लॉथ बेअर’ हें नांव राहिलेंच. तें वाचून आमच्या मुलांनीं या प्राण्यास मंद समजूं नये. तो मनुष्याहून वेगानें धांवतो, व अवचित गांठ पडल्यास अंगावर येतो. मोहफुलांच्या दिवसांत रानांत जाणें झाल्यास चारचौघांनीं मोठ्यानें बोलत जावें. रूपावरून कूळ ठरत नाहीं, आणि नांवावरून स्वभावही ठरत नाहीं.