घरपट्टीची पावती काय सांगते?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण. चौंडेश्वरीच्या देवस्थानामुळे आणि कोशाच्या विणकामामुळे हे नाव बाहेरही ठाऊक आहे. येथे पूर्वी ग्रामपंचायत होती, आज नगरपंचायत आहे. शिवेपलीकडच्या गावांत मात्र ग्रामपंचायतींचाच कारभार चालतो. त्यामुळे जेमतेम कोसभर अंतरावरील, सारख्याच विटांच्या आणि सारख्याच कौलांच्या दोन घरांना दोन निराळ्या कायद्यांखाली कर भरावा लागतो. गावातल्या घराला 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो, तर मोहाडीतल्या घराला 1965 चा नगरपरिषद अधिनियम. हा फरक कशात आहे, हे कर भरणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? शाळेत व्याजाचे गणित शिकवणारे शिक्षक आणि कचेरीत दुसऱ्यांच्या नोंदी ठेवणारे कारकूनसुद्धा आपल्या घरपट्टीचा आकडा कोठून आला, हे सहसा विचारीत नाहीत. पावती घेतात आणि खिशात घालतात.

वस्तुतः हे गणित अवघड नाही. ग्रामपंचायतीची आकारणी दीर्घकाळ 1960 च्या कर व फी नियमांनुसार होत आली. 1999 च्या सुधारणेनंतर घराच्या क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस फुटावर, कर बसू लागला. ही पद्धत सोपी होती, पण न्याय्य नव्हती. बाजारपेठेतला माडीचा वाडा आणि गावकुसाजवळचे जुने घर यांच्या किमतीतील अंतर नुसत्या फुटपट्टीने कसे मोजणार? उच्च न्यायालयात ही पद्धत टिकली नाही. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी तिच्या जागी भांडवली मूल्याची पद्धत आणली. तीत जमिनीचा दर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घ्यायचा आणि त्याला क्षेत्रफळाने गुणायचे. मग बांधकामाचा दर घेऊन त्यालाही क्षेत्रफळाने गुणायचे, आणि घर जितके जुने तितका घसारा त्यातून सोडायचा. या दोन रकमांची बेरीज वापराच्या भारांकाने गुणली की भांडवली मूल्य मिळते. राहत्या घराचा भारांक 1, उद्योगाचा 1.20 आणि व्यापाराचा 1.25 आहे. दर हजार रुपये मूल्यामागे ठरलेले पैसे, हा झाला कर.

एक उदाहरण घेऊ. त्यातले दर केवळ समजुतीसाठी आहेत. पक्के घर 50 चौरस मीटरचे आहे. जमिनीचा दर मीटरला 500 रुपये, बांधकामाचा 12 हजार, आणि घसारा वजा जाता बांधकामाचे तीन चतुर्थांश मूल्य उरले. जमिनीचे 25 हजार आणि बांधकामाचे साडेचार लाख मिळून पावणेपाच लाख होतात. हजारी एक रुपया धरला तर वर्षाचा कर 475 रुपये. त्याच जागेत दुकान असते तर तो सुमारे 594 रुपये झाला असता. मातीच्या घराचे बांधकाम मूल्य थोडे आणि दरही कमी, म्हणून त्याचा कर याच्या लहानशा हिश्शाएवढाच निघतो. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी वेगळी. महिन्याच्या हिशेबात हा बोजा चहाच्या खर्चाहून फारसा जड नाही. तरी पंचायतींना तो वसूल करणे जिवावर येते, कारण मागणारा सदस्य आणि देणारा मतदार एकाच आळीत राहतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी करण्याची तरतूद आहे. पण निवडणूक जवळ असली की तिला हात लावण्याचे धाडस कोण करील?

नगरपंचायतीच्या हद्दीत कर करयोग्य मूल्यावर किंवा भांडवली मूल्यावर बसवता येतो. करयोग्य मूल्य म्हणजे घराला वाजवीपणे मिळू शकेल असे वर्षाचे भाडे, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून. मोहाडीसारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक जण स्वतःच्याच घरात राहतात, अशा काल्पनिक भाड्याचा अंदाज बांधणे हा मोठा गमतीचा उद्योग आहे. तो अधिकाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून राहतो. आकारणीची यादी जाहीर होते आणि तिच्यावर हरकती मागवल्या जातात. परंतु सूचनाफलकावरची ती यादी वाचायला जातो कोण? मुदत उलटून गेल्यावर मात्र चौकात तक्रारींना ऊत येतो.

या भागात घराच्या नोंदीलाही एक जुना पेच चिकटलेला आहे. भंडारा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि त्यानंतरच्या मध्य प्रदेशात होता. येथे मालगुजारी होती आणि गावची आबादी मालगुजाराच्या मालकीच्या गावाचा भाग मानली जाई. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. पण पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या अनेक कुटुंबांपाशी घराचा म्हणून कागद नव्हता. मग ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे आकारणीची नोंदवही, हाच मालकीचा दाखला, असा समज रूढ झाला. हा समज चुकीचा आहे. नमुना 8 सांगतो तो कर कोणाकडून घ्यायचा एवढेच. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले, ते या उणिवेमुळेच. वाटण्या न झालेल्या घरांत पत्रिकेवर कोणाचे नाव लागावे यावरून भाऊबंदकी उभी राहते. तरीही या मोजणीमुळे आजवर वहीत न चढलेली बांधकामे दिसू लागतील, हे नाकारता येत नाही.

पैसा कोठून येतो, यावर तो कोणाच्या सांगण्याने खर्च होतो हे ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेशी बांधलेली होती. ही कामे निकडीची आहेत, यात वाद नाही. पण गल्लीतला बंद पडलेला दिवा, वाचनालयाची पुस्तके, स्मशानाची वाट यांसाठी मुखत्यारीने खर्चता येईल असा पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी. वरठीसारख्या कारखान्याच्या गावाचे उत्पन्न आणि केवळ धानावर जगणाऱ्या गावाचे उत्पन्न यांत अर्थातच अंतर राहणार. कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची मुभाही कायद्यात आहे. तो करार कोणत्या आकड्यावर होतो, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे.

थकबाकीबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. आधी मागणीचे बिल, मग रिट, त्यानंतर जंगम मालमत्तेची जप्ती, अशी त्याची पायरी आहे. बिल मिळून तीन महिन्यांत कर न भरणारा पंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो, आणि विरोधकांना हे कलम पाठ असते. सामान्य माणसाचा दाखला मात्र थकबाकीपोटी अडवून ठेवला जातो. वसुलीची ही वाट सोपी आहे, पण कायद्याने आखून दिलेली नव्हे. आकारणी मान्य नसणाऱ्याला पंचायत समितीकडे अपील करता येते. त्यासाठी आपल्या घराचे माप, बांधकामाचा प्रकार आणि वय नमुना 8 मध्ये बरोबर लिहिले आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. बारा वर्षांचे घर चार वर्षांचे म्हणून नोंदले गेले असेल, तर घसारा कमी सुटतो आणि कर वाढतो. अशी चूक एका अर्जाने दुरुस्त होऊ शकते.